गुलाबासारखी छाटली आणि फसले: परसातली बेरीची झुडपं

परसदार (९ जुलै, सकाळी ७.४०)

बागकामाचे धागे इथे बरीच वर्षं नुसते वाचतेय. लिहायची वेळ आज आली, कारण गळ्याशी आलंय.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो, मूळ वाईचे. तीन वर्षांपूर्वी स्वतःचं घर घेतलं. मागे साधारण नऊ मीटर बाय सहा मीटरचं परस आहे. माती चिकण. पावसाळ्यात (म्हणजे वर्षातले दहा महिने) बुटाला धरून बसते आणि चार दिवस ऊन पडलं की भेगाळते. पहिल्याच नोव्हेंबरात हौसेने लावलं ते असं: ब्लॅककरंटची तीन झुडपं, गूजबेरीचं एक, रास्पबेरीच्या सहा काड्या, ब्लूबेरीचं एक. गेल्या जुलैत ब्लॅककरंट दोन-अडीच किलो निघाले, मी हवेत.

मग या फेब्रुवारीत शहाणपणा केला. वाईला बाबा गुलाब छाटायचे तसं सगळं गुडघ्याएवढं कापून काढलं. एकसारखं, पट्टी लावल्यासारखं. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. "ओह" एवढंच म्हणाले. इंग्रज माणूस नुसतं "ओह" म्हणतो तेव्हा काय म्हणतो, ते मला आता कळतंय.

आजची स्थिती. ब्लॅककरंटला पानंच पानं, तिन्ही झुडपांत मिळून एक वाटी फळ. रास्पबेरीच्या काड्या छातीएवढ्या झाल्यात, फूल नाही. गूजबेरीची पानं मे महिन्यात तीन दिवसांत गायब झाली, नुसत्या शिरा उरल्या. ब्लूबेरीची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.

कुठे कुठे चुकले?

रिकामटेकडा (९ जुलै, सकाळी ८.०२)

ब्लॅककरंट म्हणजे ते आइस्क्रीमवालं ना? ते खरंच झाडाला लागतं?

काडीपैलवान (९ जुलै, सकाळी ९.१५)

ताई, बेरीतलं मला काही कळत नाही. पण नाशिकच्या द्राक्षाच्या घरात जन्मलोय, छाटणीचा विषय निघाल्यावर गप्प बसवत नाही.

आमच्याकडे वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी. तेव्हा माल घ्यायचा नसतो, काडी तयार करायची असते. ती काडी पावसाळाभर पिकते, हिरवीची तपकिरी होते, आणि तिच्या डोळ्यात (म्हणजे काडीवरच्या कोंबात) घड आतल्या आत तयार होऊन बसतो. ऑक्टोबरात फळछाटणी केली की त्या डोळ्यातली फूट घड घेऊनच बाहेर येते. आता कोणी ऑक्टोबरात येऊन पिकलेली काडी बुडापासून उडवली, तर वेल मरणार नाही, उलट जोमाने फुटेल. पण घड कुठून आणणार? तो बांधावर पडलाय.

तुमच्या फेब्रुवारीत तेच झालं असणार. कात्री हातात घेण्याआधी एकच बघायचं: फळ कुठल्या काडीवर धरतं? यंदाच्या, गेल्या वर्षीच्या, की जुन्या लाकडावर? गुलाब यंदाच्या फुटीवर फुलतो. त्यामुळे बाबांचं बरोबर होतं, झाड वेगळं होतं.

दुर्गा डंडीकर (९ जुलै, दुपारी १.३०)

काडीपैलवान, टाळ्या. चारही झाडांचा हिशेब वेगळा आहे आणि परसदारने चौघांना एकाच मापात बसवलंय.

मी स्कॉटलंडमध्ये डंडीत पंचवीस वर्षं आहे. गावाबाहेर इन्व्हरगाउरीला संशोधन संस्था आहे, आताचं नाव जेम्स हटन इन्स्टिट्यूट. ब्लॅककरंटच्या "बेन" जाती तिथल्या: बेन लोमंड, बेन सॅरेक, बेन कॉनन. बेन म्हणजे इकडच्या बोलीत डोंगर. या जाती जरा उशिरा फुलतात, त्यामुळे वसंतातल्या हिमाच्या तडाख्यातून फूल वाचतं. तुझ्याएवढ्या परसाला बेन सॅरेक बरी, कमरेच्या फार वर जात नाही.

ब्लॅककरंट सर्वात जास्त धरतो तो गेल्या वर्षी वाढलेल्या काडीवर. तू त्याच काड्यांची वरची तीन-चतुर्थांश लांबी उडवलीस. वाटीभर आलं ते खाली उरलेल्या बोटभर तुकड्यांवर. रीत अशी: पानं गळली की फेब्रुवारीपर्यंत कधीही, सगळ्यात जुन्या फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांश थेट जमिनीलगत काढायच्या. उरलेल्यांची शेंडी छाटायची नाही. शेंडी छाटायचा मोह आवर, दिसायला गबाळं दिसू दे. दर वर्षी जुनं जातं, बुडातून नवं येतं, तीन वर्षांत झुडूप आपोआप नवं होतं. म्हणूनच हे झुडूप लावताना रोपवाटिकेत माती जिथवर होती त्या खुणेच्या पाच-सहा सेंटीमीटर खाली पुरतात, म्हणजे जमिनीखालूनही फुटवे येतात.

गूजबेरी याच्या बरोबर उलट. ती जुन्या लाकडावरच्या आखूड डहाळ्यांवर धरते. तिला एक वीतभर स्वच्छ खोड, वर आठ-दहा फांद्यांची वाटी, आणि वाटीचा मध्य रिकामा. आत हात घालून काटे न लागता बाहेर काढता आला तर छाटणी बरोबर. मध्य मोकळा असला की वारा खेळतो आणि भुरी (पांढरी बुरशी) कमी येते. तिला खोल पुरायचं नाही, नाहीतर बुडातून फुटव्यांचं जंगल.

पानं खाल्ली ती सॉफ्लायच्या अळीने. माशी म्हणतात, पण कुळ गांधीलमाशीचं. अंडी घालते झुडपाच्या पोटात, अगदी खालच्या पानांच्या मागे. अळ्या आतून बाहेर खात येतात, त्यामुळे आपल्याला दिसतं तेव्हा निम्मं झाड संपलेलं असतं. एप्रिलच्या मध्यापासून दर दोन दिवसांनी खाली बसून मधली पानं उलटून बघायची. हिरवट, काळ्या ठिपक्यांच्या अळ्या. हाताने वेचून साबणाच्या पाण्यात. झाड मरत नाही, पुन्हा पानं येतात, पण हंगामात दोन-तीन पिढ्या होतात, तेव्हा ऑगस्टपर्यंत नजर ठेव.

रास्पबेरीचं निदान आता नाही करता येणार. दोन प्रकार आहेत. उन्हाळी जातीची काडी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मरते. शरदातली जात (ऑटम ब्लिस वगैरे) त्याच वर्षी उगवते, त्याच वर्षी ऑगस्टपासून फळते. ती फेब्रुवारीत सरसकट जमिनीलगत कापायचीच असते. तुझ्या काड्यांवर लेबल काय होतं?

परसदार (९ जुलै, रात्री ९.१०)

दुर्गाताई, किती लिहिलंत! लेबल "समर" असंच काहीतरी होतं. एका मोठ्या दुकानात सेलमध्ये मिळाल्या होत्या, सहाची मोळी. लेबल पावसात गेलं.

आणि एक बाळबोध प्रश्न. जुनी फांदी आणि नवी फांदी ओळखायची कशी? मला सगळ्या सारख्याच दिसतात.

दुर्गा डंडीकर (९ जुलै, रात्री १०.०५)

मग ऑगस्टपर्यंत थांब. काडीच्या टोकाला कळ्या आल्या तर दुकानाने फसवलं आणि तुझं नशीब निघालं.

ओळखायचं असं. आत्ता संध्याकाळी झुडपाजवळ उकिडवी बस आणि बुडाकडे बघ, शेंड्याकडे नाही. यंदाची काडी हिरवट. गेल्या वर्षीची फिकट, गव्हाळ, गुळगुळीत. दोन वर्षांची करडी. त्याहून जुनी काळी, खरखरीत, साल सुटायला लागलेली, कधी शेवाळ धरलेली. तरीही शंका असेल तर रंगीत लोकरीचे तुकडे बांध: यंदाच्या काड्यांना लाल. पुढच्या हिवाळ्यात लाल दिसली की हात मागे.

हिवाळ्यात अजून एक बघ. काही डोळे वाटाण्यासारखे गोल फुगलेले दिसले तर त्यात अतिसूक्ष्म कोळी असतात आणि ते एक विषाणूही पसरवतात, ज्याने झाड दिसायला ठीक पण हळूहळू वांझ होतं. एखादाच डोळा असेल तर खुडून जाळ. सगळं झुडूप तसं असेल तर उपटून टाक आणि त्या जागी पुन्हा करंट लावू नकोस.

शब्दवेडी (१० जुलै, सकाळी ११.२०)

@रिकामटेकडा, लागतं हो झाडाला. पण गोंधळ तुमचा एकट्याचा नाही. इंग्रजीत वाळवलेल्या बारीक काळ्या बेदाण्यांनाही "करंट" म्हणतात. ते द्राक्षंच, ग्रीसच्या कोरिंथ बंदरावरून नाव पडलं. या झुडपाच्या फळाला त्यांच्यासारखं दिसतं म्हणून तेच नाव चिकटलं. किराणा दुकानात "ब्लॅक करंट" म्हणून मिळणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा काळ्या मनुकाच असतात.

गूजबेरीचा घोळ तर तिहेरी. परसदारची ती काटेरी झुडपाची. आपला आवळा, त्याला इंग्रजांनी "इंडियन गूजबेरी" केलं. आणि कागदी पिशवीत बसलेली पिवळी रसभरी, ती "केप गूजबेरी". तिघांचं एकमेकांशी काहीही नातं नाही. रसभरी तर टोमॅटो-वांग्याच्या कुळातली, शेताच्या कडेला येणाऱ्या रानपोपटीची बहीण.

रिकामटेकडा (१० जुलै, सकाळी ११.४१)

म्हणजे लंडनच्या गूजबेरीचा मोरावळा होणार नाही. बरं. पण मला सांगा, दुकानात डबीत मिळतात, मग हा उपद्व्याप कशासाठी?

दुर्गा डंडीकर (१० जुलै, दुपारी २.१५)

ब्लॅककरंट इथल्या दुकानात ताजे शोधून दाखवा, मी तुम्हाला डंडीचं तिकीट काढून देते. देशातलं बहुतेक सगळं पीक सरबताच्या कारखान्यात जातं. त्यामागे गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात बोटींनी संत्री येणं बंद झालं, मुलांना क जीवनसत्त्व द्यायचं कुठून? मग ब्लॅककरंटच्या लागवडीला सरकारने जोर दिला आणि १९४२ पासून त्याचं सरबत लहान मुलांना फुकट वाटलं गेलं. माझ्या शेजारच्या म्हातारबाईंना अजून त्या चमच्याची चव आठवते.

आणि गूजबेरीची हौस म्हणाल तर यॉर्कशरमधल्या एग्टन ब्रिज गावात १८०० सालापासून गूजबेरीचं प्रदर्शन भरतं, ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी. फळं तराजूवर तोलतात. २०१९ मध्ये तिथे एक फळ ६४.८३ ग्रॅम भरलं. कोंबडीच्या लहान अंड्याहून मोठं!

जर्सीकर (१० जुलै, सायं. ७.५०)

ब्लूबेरीवर मी बोलतो, कारण न्यू जर्सी तिचं माहेर आहे.

तुमची झाली ती लोहाची कमतरता, पण लोह घालून उपयोग नाही. मातीत लोह आहे, झाडाला घेता येत नाही, कारण मातीचा सामू (पीएच, आम्लता मोजायचं माप; कमी म्हणजे जास्त आम्ल) जास्त आहे. ब्लूबेरीला सामू साडेचार ते साडेपाच हवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लोक रानातली झुडपं आणून भरपूर खताच्या चांगल्या बागेत लावायचे आणि ती मरायची. फ्रेडरिक कोविल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० च्या सुमारास दाखवून दिलं की तिला आपली "चांगली" माती नको, आम्ल माती हवी. मग आमच्या इथल्या व्हाइट्सबॉगच्या एलिझाबेथ व्हाइट बाईंनी त्याला गाठलं. आसपासच्या रानात फिरणाऱ्या लोकांना सांगितलं, सगळ्यात मोठ्या फळाचं झुडूप दाखवा, पैसे देते आणि झुडपाला तुमचं नावही देते. रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेल्या झुडपाचं नाव झालं रूबेल, ते अजून रोपवाटिकेत मिळतं. १९१६ मध्ये त्यांचं पहिलं पीक बाजारात गेलं.

तुम्ही काय करायचं: नोव्हेंबरात झुडूप मुळासकट उचला, ४५-५० सेंटीमीटरच्या कुंडीत आम्लप्रिय झाडांसाठीचं तयार मिश्रण भरा, त्यात लावा. नळाचं पाणी जड असेल तर ते घालू नका, पन्हाळीखाली पिंप ठेवा आणि पावसाचं घाला. दुसऱ्या जातीचं एक झुडूप शेजारी ठेवा, फळं जास्त आणि मोठी येतात. छाटणी पहिली तीन वर्षं नाहीच. काडीच्या टोकाचे टपोरे डोळे म्हणजे फूल, खालचे टोकदार बारीक म्हणजे पान. टोकं कापली की पीक गेलं.

अवांतर: दुर्गाताईंचं ब्लॅककरंट वाचून जळफळाट झाला. पांढऱ्या पाइनवर पडणारा एक तांबेरा या झुडपांवर मुक्काम करतो, म्हणून अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला करंटवर बंदी आली. केंद्राची १९६६ मध्ये उठली, पण राज्यांचे नियम राहिले. न्यूयॉर्कने २००३ मध्ये दार उघडलं. आमच्या पिढ्यांना चवच माहीत नाही.

रिकामटेकडा (१० जुलै, रात्री ८.३३)

कॉफीचा चोथा घाला की. आम्ल होते माती. व्हॉट्सॲपवर आलं होतं.

जर्सीकर (१० जुलै, रात्री ८.५८)

आम्ल कपात उतरतं हो, चोथ्यात फारसं उरत नाही. वापरलेला चोथा जवळपास उदासीन असतो. कंपोस्टात टाका, छानच आहे, पण ब्लूबेरीचा सामू त्याने खाली येत नाही. दोन वर्षं मीही शेजारच्या कॉफीच्या दुकानातून पिशव्या वाहिल्यात, म्हणून सांगतो.

लांज्याची माई (११ जुलै, सकाळी ६.१०)

सगळं वाचलं. छान चाललंय. पण परसातली झुडपं म्हटल्यावर करवंदाचं नावही कोणी घेऊ नये? म्हणून लिहिते.

आमच्या कंपाउंडाला गडग्यावर (दगडी बांधावर) करवंदीच आहे, सासऱ्यांनी लावलेली. गुरं आत येत नाहीत, आणि फेब्रुवारी-मार्चात पांढरी फुलं आली की मोगऱ्याचा भास होतो. एप्रिलात हिरवी काढून लोणचं, मेमध्ये काळी. मुंबईची नातवंडं आली की दुपारभर गडग्यावर. करवंद दाताने अर्धं तोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हरणाऱ्याने पुढच्याला एक द्यायचं. ओठांना चीक लागून चिकटतात ते वेगळंच.

लावायचं असेल तर बी ताजं लावा. फळ खाल्लं, बी धुतलं, त्याच दिवशी पिशवीत. वाळवून ठेवलेलं बी उगवत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ. पावसाळ्यात दाब कलमही होतं: खालची फांदी वाकवा, बोटभर साल खरवडा, मातीत दाबा, वर दगड ठेवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण बोल्ड म्हणून मोठ्या फळाची जात आहे, पण चवीला मला आपली रानचीच बरी वाटते.

आणि हो, केकवरची, पानातली ती लाल चेरी असते ना, ती बहुतेक वेळा पाकात रंगवलेलं करवंद असतं. चेरी म्हणून खाता आणि करवंदाला नाक मुरडता!

कोथरूडची सायली (११ जुलै, सकाळी ९.४७)

माई, आमच्या सोसायटीत कुंपणाला करवंद आहे. सहा वर्षं झाली, एक फळ नाही. फुलंही क्वचित. जात वांझ असते का?

लांज्याची माई (११ जुलै, सकाळी १०.२०)

कात्री कोण आणि कधी मारतं?

कोथरूडची सायली (११ जुलै, सकाळी १०.२६)

माळीकाका. दर महिन्याला. एकदम सपाट, वर पाण्याची पातळी धरून बघावी असं. अरे देवा.

काडीपैलवान (११ जुलै, सकाळी १०.३१)

लागला निकाल.

लांज्याची माई (११ जुलै, सकाळी ११.०५)

करवंदीचं फूल फांदीच्या टोकाला गुच्छात येतं. टोक दर महिन्याला उडवलंत तर ती फुलणार कशावर? फळं संपली की जूनमध्ये एकदा काय ती छाटा, मग पुढच्या मेपर्यंत कुंपणाला वाढू द्या. वाटलं तर रस्त्याकडची बाजू सपाट आणि आतली मोकळी, असा समझोता करा माळीकाकांशी.

वऱ्हाडी ठसका (११ जुलै, दुपारी १२.१५)

नागपुरात फालसा लावून पाहा कोणी. याचं सोपं आहे, हा नव्या फुटीवर धरतो. डिसेंबर-जानेवारीत पानं गळली की कमरेएवढा ठेवून बिनधास्त कापा, परसदार ताईंनी मारली तशी पट्टी लावून कापा. नवे फुटवे, त्यावर फुलं, एप्रिल-मेच्या भट्टीत जांभळी फळं. एकदम पिकत नाही, रोज थोडी थोडी वेचा लागतात. आणि एका दिवसात खाऊन किंवा सरबत करून संपवा लागतात, म्हणून बाजारात दिसत नाही. मीठ लावून, बस.

कोथरूडची सायली (११ जुलै, दुपारी १.००)

तुती तर त्याहून सोपी. हाताएवढी काडी जूनमध्ये खोचली, लागली. फांद्या आखूड करून पानं ओरबाडून काढली की पंधरा-वीस दिवसांत नवी फूट, आणि फुटीबरोबर तुत्या. फक्त रेशीमवाल्यांकडून काडी आणू नका. त्यांच्या जाती पानासाठी असतात. चांगलं फळ खाऊन बघितलेल्या झाडाचीच काडी घ्या.

रिकामटेकडा (११ जुलै, दुपारी १.१२)

आता मलाही हुरूप आला. सिंहगड रस्ता, चौथा मजला, पश्चिमेची गॅलरी. ब्लॅककरंट लावू?

दुर्गा डंडीकर (११ जुलै, दुपारी ४.४०)

नको. त्याला हिवाळ्यात सात अंशांखालचे हजारभर तास तरी झोप लागते. पुण्यात त्याची झोपच होणार नाही, मग फुलणार कसा? रास्पबेरीच हवी असेल तर आपल्याकडची मैसूर रास्पबेरी बघा, पिकली की काळपट जांभळी होते, तिला कडाक्याची थंडी लागत नाही. पण काटे आणि पसारा बघता गॅलरीत नाही हो. तुम्ही सायलीची तुती मोठ्या कुंडीत लावा.

परसदार (२३ ऑगस्ट, रात्री ८.१५)

अहवाल! सहापैकी चार काड्यांच्या टोकाला फळं लागली. म्हणजे "समर"च्या मोळीत चार शरदातल्या निघाल्या. दोन खरोखरच उन्हाळी. आता एकाच ओळीत दोन धर्म. वेगळ्या करू का?

दुर्गा डंडीकर (२३ ऑगस्ट, रात्री ९.३०)

नोव्हेंबरात नक्की कर, नाहीतर फेब्रुवारीत पुन्हा कापशील सगळ्या. तुझ्या चिकणमातीत मुळं कुजतात म्हणून रास्पबेरीला वीतभर उंच वाफा कर, भरपूर पानखत घाल. उन्हाळी दोघींना तार बांध. पुढे फळून झालेल्या काड्या लगेच बुडातून काढायच्या आणि नव्या तारेला बांधायच्या.

परसदार (१५ फेब्रुवारी, दुपारी ३.२०)

आज छाटणी झाली. खरं तर फारशी नाही. ब्लॅककरंटच्या गुडघ्याएवढ्या जुन्या काळ्या खुंटांपैकी तीन-तीन बुडातून काढले. लाल लोकरीच्या काड्यांना हात लावला नाही. शरदातल्या रास्पबेरी जमिनीलगत. गूजबेरीच्या पोटातल्या एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढल्या, हात आत जातो, बाहेर येताना एक काटा लागला. ब्लूबेरी कुंडीत आहे, शेजारी रूबेल आणलंय, जर्सीकर. शेजारच्या आजोबांनी आज कुंपणावरून बघितलं आणि "अह्" म्हणाले. हे चांगलं असावं.

काडीपैलवान (१५ फेब्रुवारी, सायं. ६.००)

काडी पिकलीय ना नीट? मग बसा आता निवांत.

परसदार (८ जून, रात्री ९.००)

आई आलीय वाईहून. एप्रिलपासून रोज सकाळी चहा घेऊन गूजबेरीसमोर बसते आणि पानं उलटते. अळ्यांना "मेल्यांनो" म्हणत साबणाच्या पाण्यात टाकते. यंदा पान न् पान शाबूत.

फांद्या फळांनी वाकल्या होत्या. इथल्या पुस्तकात वाचलं की जूनच्या सुरुवातीला एकाआड एक कच्चं फळ खुडावं, म्हणजे उरलेली मोठी होतात. खुडलेली घट्ट, हिरवी, आंबटढाण. आईने एक चावलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "गूळ आहे का?" तासाभरात मेथांबा तयार. फोडणीत मेथ्या, तिखट, गूळ, आणि गूजबेरी फुटू लागली की गॅस बंद. जास्त शिजवली तर लगदा होतो, पहिल्या खेपेला झाला. दुसरी खेप कैरीच्या मेथांब्याशेजारी ठेवली असती तर मला सांगता आलं नसतं. फक्त बिया दाताखाली येतात.

शब्दवेडी (८ जून, रात्री ९.४४)

म्हणजे मोरावळा नाही, मेथांबा. पाककृती वेगळ्या धाग्यात टाका, कृपया. प्रमाणासकट.

परसदार (१९ जुलै, रात्री ८.४०)

ब्लॅककरंट तिन्ही मिळून पावणेसहा किलो! जाळी ताणून लावली होती. तरी एक काळा पक्षी कुठून तरी आत शिरलाच, त्याला सोडवताना आई म्हणाली, "खाऊ दे गं, त्याचंही परस आहे." पाक केला, जाम केला, दोन डबे शेजारच्या आजोबांना दिले. त्यांनी बाटलीभर स्वतःचं घरचं मद्य दिलं, तेही ब्लॅककरंटचंच.

गूजबेरी पिकून लाल झाल्यात. काल लेकीने एक दाताने तोडली तर आजीने लगेच विचारलं, "कोंबडा का कोंबडी?" लेकीला काही कळेना. मग अर्धा तास दोघी पायरीवर बसून होत्या. सगळ्या कोंबड्याच निघाल्या. माई, तुमची आठवण काढली.

आणि आज सकाळी बघते तर गूजबेरीची सगळ्यात खालची फांदी वाकवून मातीत दाबलेली, वर वीट. आईचं दाब कलम. "पुढच्या नोव्हेंबरात तोड, त्याआधी ओढून बघू नकोस" म्हणाली आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं. चालतं ना इथे? का छाट कलमच (काडी कापून खोचायची ते) करावं लागतं?

लांज्याची माई (२० जुलै, सकाळी ६.०५)

चालतं. साल खरवडली का विचार.

दुर्गा डंडीकर (२० जुलै, सकाळी ८.३०)

अगदी चालतं, गूजबेरीची जमिनीला टेकलेली फांदी तशीही मूळ धरते. वीट मात्र कोणी हलवायची नाही. लॉन कापणाऱ्याला आजच सांगून ठेव. नवरा असला तरी.